मागचा ब्रेक आवळला तरी आठ दिवसांत पुन्हा सैल? ॲडजस्टरला हात लावण्याआधी हे करून बघा

गेल्या जुलैत गोव्याच्या किनाऱ्यावर मोरजीला बहिणीकडे गेलो होतो. भाचीची सायकल पडवीत उभी होती. "मामा, मागचा ब्रेक परत सैल झालाय. या महिन्यात तिसऱ्यांदा. मी हे फिरवते, दोन दिवस बरा लागतो, मग परत तेच," ती म्हणाली. 'हे' म्हणजे लिव्हरपाशी असतो तो गोल ॲडजस्टर. फिरवून फिरवून तो इतका बाहेर आला होता की आत जेमतेम दोन आटे उरले होते. लिव्हर दाबलं की मुठीला टेकत होतं, आणि सोडल्यावर झोपेतून उठल्यासारखं सावकाश मागे येत होतं.

मी राहतो म्हार्दोळला, कामाला फोंड्याला सायकलने जातो. हाच आजार माझ्या सायकलला आधी होऊन गेला होता आणि मीही तेव्हा भाचीसारखाच ॲडजस्टर फिरवत राहिलो होतो. एका पावसाळी सकाळी फर्मागुढीला गोपाळ गणपतीचं देऊळ मागे टाकून फोंड्याच्या उताराला लागलो आणि मागचं लिव्हर मुठीला टेकलं. पुढचा ब्रेक ओल्या रस्त्यावर पूर्ण दाबायची हिंमत झाली नाही. सायकल गटारात घातली. गुडघा सोलला, मनगट महिनाभर दुखलं. मागून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून एवढ्यावर निभावलं. त्या दिवसापासून सैल ब्रेक म्हटलं की मी आधी केबल सोडतो, मग बाकीचं बघतो. सायकलने शाळेला जाणारी मुलं घरात असतील तर तुम्हीही हे शिकून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः व्ही-ब्रेकबद्दल आहे, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना उभे आर्म आणि वरून आडवी केबल असते तो ब्रेक. गिअरच्या आणि मुलांच्या बऱ्याच सायकलींना तोच असतो. डिस्क आणि जुन्या सळईच्या ब्रेकबद्दल शेवटी थोडं आहे.

'सैल' हा एकच शब्द आपण चार वेगवेगळ्या बिघाडांना वापरतो. केबल बोल्टातून सरकत असेल तरी ब्रेक सैल लागतो. ब्रेक-शू झिजले तरी सैल. आऊटरचं, म्हणजे केबल जिच्यातून धावते त्या बाहेरच्या नळीचं टोक चेपलं, त्यावरच्या टोपीत खचलं तरी सैल. आणि केबल आत गंजून अडकत असेल तरी हाताला तसंच लागतं, कारण हाताचा जोर आर्म ओढण्याऐवजी गंजाशी झगडण्यात आणि आऊटर दाबण्यात जातो. ॲडजस्टर फिरवला की चारही बिघाड दोन दिवस झाकले जातात. शूची साधी झीज सोडली तर दुरुस्त एकही होत नाही.

गंजाच्या बाबतीत तर ॲडजस्टर उलटं काम करतो. भाचीच्या सायकलला नेमकं हेच झालं होतं. केबल अडकत होती, त्यामुळे लिव्हर सोडल्यावर शू रिमपासून पूर्ण सुटत नव्हते, घासत राहायचे. घासल्याने झिजायचे. झिजले की ब्रेक सैल लागायचा. मग ती ॲडजस्टर फिरवून शू रिमच्या आणखी जवळ आणायची, म्हणजे ते आणखी घासणार आणि आणखी लवकर झिजणार. जूनच्या सुरुवातीला घातलेल्या नव्या शूच्या खाचा जुलैच्या मध्यालाच गेल्या होत्या. "मग सायकल जड का लागते ते आता कळलं," ती म्हणाली. बिचारी महिनाभर ब्रेक लावूनच पॅडल मारत होती.

गोव्यात हे इतकं का होतं, तेही सांगतो. वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. किनाऱ्यालगत त्यात खारी हवा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस थांबला तरी केबलच्या तारा आतून ओल्याच राहतात. आणि आतल्या गावांमध्ये चिऱ्याची लाल माती. ती पाण्याबरोबर उडते, रिमवर बसते आणि शूच्या रबरात रुतून बारीक कानशीसारखी चालते. रिमवरून जो काळपट राप बोटाला लागतो त्यात रबर, माती आणि रिमचं ॲल्युमिनियम असं तिन्ही असतं. मागचा ब्रेक आधी जातो, कारण त्याची केबल लांब. शिवाय बऱ्याच सायकलींत वरच्या पाइपवर ती उघडी धावते आणि मग शेवटच्या आऊटरमध्ये शिरून खाली उतरते. उघड्या केबलवर पडलेलं पाणी तिच्यावरूनच घरंगळत त्या आऊटरात जातं. पन्हाळीने पाणी हंड्यात जावं तसं.

आता तपासणी. दहा मिनिटं लागतात, हत्यार एकही लागत नाही.

सगळ्यात आधी चाक. सायकल उभी करून मागून बघा, चाक चिमट्याच्या मधोमध आहे का. पंक्चर काढून चाक परत बसवताना आस एका बाजूच्या खाचेत पूर्ण बसला नाही की चाक तिरकं राहतं आणि शू एका बाजूला घासतो. लोक ब्रेकचे स्क्रू पिळत बसतात, दोष चाकाचा असतो. चाक सैल करा, सायकलचं वजन त्यावर येऊ द्या, नीट बसवा, आवळा. मग चाक उचलून फिरवा. प्रत्येक फेरीत एकाच जागी 'खस्' असा आवाज येत असेल तर रिमला आऊट आहे, म्हणजे ती तिथे वाकडी झाली आहे. तो आरे आवळून काढावा लागतो. ते काम ज्याला येतं त्याच्याकडेच द्या, ब्रेक जुळवून ते झाकू नका.

चाक बरोबर असेल तर ब्रेक उघडा. एका हाताने दोन्ही आर्म रिमवर दाबून धरा आणि वरची वाकडी धातूची नळी तिच्या खोबणीतून मागे ओढून काढा. दुकानात हिला नूडल म्हणतात. आता ब्रेकचे तीन भाग सुटे झाले: लिव्हर, केबल, आर्म. प्रत्येकाला वेगळं विचारायचं, तूच का तो?

आर्म एकेक करून बोटाने रिमकडे ढकला आणि सोडा. झटकन परत यायला हवा. रेंगाळत आला किंवा अर्ध्यात थांबला तर दोष आर्म ज्या खुंटीवर फिरतो तिथे आहे.

मग नूडल एका हातात धरून दुसऱ्या हाताने लिव्हर दाबा-सोडा, केबल बोटांनी हलकी ताणून धरा. लोण्यातून सुरी जावी तशी सरकली पाहिजे. खरखर लागली, मध्येच अडकली, तर केबल. लिव्हर स्वतः कडक आहे का ते केबल पूर्ण ढिली असताना कळतंच. तिथे बहुधा नुसती माती असते, किंवा सायकल पडून लिव्हर वाकलेलं असतं.

भाचीच्या सायकलचे आर्म चांगले होते. केबल मात्र ओली दोरी जुन्या रहाटावरून ओढावी तशी येत होती.

केबल गंजलेली निघाली म्हणून लगेच नवी आणायला पळू नका. गंज वरवरचा असेल तर बोल्ट न सोडता केबल साफ करता येते, आणि ही युक्ती मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण केबल पुन्हा जुळवायची कटकटच राहत नाही. पाइपवर आऊटर जिथे अडकतं त्या कड्या बहुतेक सायकलींत एका बाजूने चिरलेल्या असतात. नूडल सोडून ब्रेक उघडला की केबल ढिली पडते. आऊटरचं टोक कडीतून मागे ओढा, केबल चिरेतून बाहेर काढा. आता आऊटर केबलवर पुढे-मागे सरकवता येतं. जो भाग एरवी आत लपलेला असतो तो उघडा पडेल. तो कोरड्या फडक्याने पुसा, फडकं तपकिरी होईपर्यंत नाही, पांढरं राहीपर्यंत. दोन बोटांवर थोडं ग्रीस घेऊन केबलला पातळ हात द्या, आऊटर जागेवर सरकवा, कडीत बसवा, नूडल अडकवा. झालं. पावसाळ्यात मी हे महिन्यातून एकदा करतो, खाऱ्या हवेत पंधरा दिवसांनी करावं.

ग्रीसऐवजी खोबरेल घालणारे आपल्याकडे खूप. घरात बाटली हाताशी असते, समजू शकतो. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. जानेवारीच्या पहाटे न्हाणीघरातली बाटली थिजलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तेच केबलच्या आतही होतं, आणि नेमकं पहाटेच्या फेरीला ब्रेक जड लागतो. गंज सोडवायचा फवारा मारून तेवढ्यावर थांबणंही बरोबर नाही. तो उडून जातो आणि असलेलं ग्रीसही धुऊन नेतो. फवारा मारलात तर पुसून मग ग्रीस लावा.

पण केबलची एक जरी तार तुटलेली, फुललेली दिसली, किंवा गंजाचे खड्डे नखाला लागले, तर ती केबल टाकायची. तार बहुधा दोन जागी तुटते: लिव्हरच्या आत, जिथे केबलचं डोकं बसतं, आणि आर्मवरच्या बोल्टापाशी. लिव्हर पूर्ण दाबून आत डोकावून बघा. तिथे तुटायला लागलेली केबल एक दिवस उतारावरच तुटणार, कारण जोर आपण तिथेच लावतो.

नवी घेताना काय मागायचं? आतली तार, म्हणजे इनर, स्टेनलेसची मागा. थोडी महाग पडते, पण आपल्या हवेत तिला पर्याय नाही. ब्रेकची इनर १.५ किंवा १.६ मिलीमीटर जाड असते. गिअरची १.१ किंवा १.२. इनरची अदलाबदल सहसा होत नाही, डोकं बसतच नाही. आऊटरची मात्र होते, आणि ते धोक्याचं आहे. ब्रेकचं आऊटर ५ मिलीमीटरचं आणि त्यात पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. गिअरच्या आऊटरात तारा लांबीला समांतर असतात. ब्रेक जोरात दाबला तर त्या तारा टोपी फोडून बाहेर येऊ शकतात. दुकानात "ब्रेकचंच आऊटर" असं स्पष्ट म्हणा आणि टोक बघून घ्या. सोबत आऊटरच्या दोन्ही टोकांना बसणाऱ्या टोप्या आणि इनरच्या शेपटाला लावायची एक बारीक टोपी मागून घ्या. टोप्यांशिवाय आऊटर लावलं की ते कडीत खचत जातं. हाही एक नेहमीचा 'सैल' ब्रेक.

बसवताना आऊटर जुन्याच्या लांबीवर कापा. जुनंच चुकीचं असेल तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, कुठेही ताण येता कामा नये आणि उगीच मोठा झोलही नको. कापायला केबल कटर हवा. पक्कडीने आऊटरचं तोंड चेपतं आणि केबल कायमची घासते. कटर नसेल तर दुकानातूनच मापाने कापून आणा. कापलेलं तोंड कानशीने सपाट करा आणि आतली प्लास्टिकची नळी मिटली असेल तर जाड सुईने उघडा. या दोन मिनिटांच्या कामाने ब्रेकच्या हाताला जो फरक पडतो तो महागड्या शूनेही पडत नाही.

मग ॲडजस्टर पूर्ण आत फिरवा आणि दोन फेरे बाहेर काढा. म्हणजे पुढे शू झिजतील तसा बाहेर काढायला वाव राहील, आणि कधी ढिला करायचा झाला तरी जागा असेल. इनरचं डोकं लिव्हरमध्ये बसवा, तार आऊटरांमधून, नूडलमधून, रबरी बुटातून नेऊन आर्मवरच्या बोल्टाखाली घाला. एका हाताने दोन्ही शू रिमवर दाबा, तार ओढा, मग हात किंचित सैल करून प्रत्येक बाजूला एक ते दीड मिलीमीटर फट ठेवा आणि ५ मिलीमीटरच्या ॲलन कीने बोल्ट आवळा. टॉर्कचा पाना असेल त्यांच्यासाठी: ६ ते ८ न्यूटन-मीटर. नसेल तर छोट्या ॲलन कीने घट्ट लागेपर्यंत, पण पाइप लावून पिळू नका.

लगेच लिव्हर दहा वेळा, अगदी जीव लावून दाबा. नवं आऊटर आणि टोप्या जागेवर बसतात, तेवढी केबल ढिली होते. परत ताण द्या. पहिल्या आठवड्यात आणखी एकदा थोडं आवळावं लागतं, तो दोष नाही. दुसऱ्या आठवड्यातही लागलं तर मात्र शोधा. शेपूट तीन-चार सेंटीमीटर ठेवून कापा आणि टोपी चिमटून लावा, नाहीतर तारा फुलतात आणि पोटरीला टोचतात.

आता ती नेलपॉलिशची गोष्ट. भाचीकडून तिची लाल बाटली मागून घेतली आणि तीन ठिपके दिले. एक बोल्टाला लागून केबलवर. एक ॲडजस्टरवर आणि त्याच्या समोर लिव्हरवर. तिसरा आऊटरवर, टोपीच्या तोंडाला लागून. पुढच्या वेळी ब्रेक सैल वाटला की आधी ठिपके बघायचे. बोल्टापाशी ठिपका आणि बोल्ट यांत अंतर पडलं असेल तर केबल सरकते आहे: बोल्टाखालची चकती उलटी बसलीय, तेल लागलंय किंवा बोल्ट ढिला आहे. आऊटरवरचा ठिपका टोपीत गुडूप झाला असेल तर टोक खचलंय. सगळे ठिपके जागेवर आणि तरी फट वाढली, तर शू झिजले, आणि तेव्हाच ॲडजस्टर फिरवायचा. अंदाजाने पिळण्याचं काम संपतं.

आर्मच रेंगाळत असेल तर काम वेगळं. खुंटी पोलादाची असते आणि आर्मच्या आत गंजते. आर्मचा बोल्ट काढा, आर्म ओढून बाहेर घ्या. काढण्याआधी फोनवर फोटो घ्या, कारण स्प्रिंगचं टोक तीन भोकांपैकी कुठल्या भोकात होतं हे नंतर आठवत नाही. सहसा मधलं. दोन्ही बाजूंना एकच भोक हवं, नाहीतर ब्रेक कधीच मध्यावर येणार नाही. खुंटी बारीक पॉलिश पेपरने गंज जाईपर्यंत घासा, पुसा, ग्रीस लावा, आर्म परत बसवा. बोल्ट अती आवळला तर खुंटीचं तोंड फुगतं आणि आर्म पुन्हा अडकतो. असं झालेल्या दोन सायकली मी पाहिल्या आहेत. दोन्हींच्या मालकांना वाटत होतं की स्प्रिंग गेली.

एकच शू घासत असेल आणि चाक, आर्म, केबल तिन्ही ठीक असतील, तर प्रत्येक आर्मच्या खालच्या बाजूला बारीक स्क्रू असतो तिकडे या. जो शू घासतो त्याच बाजूचा स्क्रू पाव फेरा आवळा. त्या स्प्रिंगचा जोर वाढतो आणि शू रिमपासून लांब जातो. तो आधीच पूर्ण आवळलेला असेल तर समोरचा पाव फेरा ढिला करा. पाव-पाव फेऱ्यानेच, आणि प्रत्येक वेळी लिव्हर दोनदा दाबून बघा.

शूबद्दल. पुढून बघितलं तर शू पूर्ण रिमच्या कडेवर बसला पाहिजे, टायरच्या खाली साधारण एक मिलीमीटर जागा सोडून. वर सरकला तर टायरची भिंत कापतो. खाली सरकला तर अर्धा शू हवेत राहतो, झिजताना त्याला ओठ येतो आणि एक दिवस तो ओठ रिमच्या खाली अडकून ब्रेक सुटतच नाही. दोन-तीन आठवड्यांनी शू उलटून बघा, चमचम करणारे ॲल्युमिनियमचे कण रुतलेले असतील तर सुईने उकरून काढा आणि तोंडावरून पॉलिश पेपर फिरवा. खाचा दिसेनाशा झाल्या की शू बदला. त्याच वेळी रिमवर बोट फिरवा. कड आत खोल गेलेली, वाटीसारखी लागली तर रिमच बदलायची वेळ आली आहे. पातळ झालेली कड टायरच्या हवेच्या दाबाने फुटते.

किंचाळणारा ब्रेक हा लोकांना फार त्रास देतो, खरं तर तो सगळ्यात सोपा. रिम साबणाच्या पाण्याने धुवा, शू घासून घ्या. तरी किंचाळला तर शू किंचित तिरका बसवा: चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेचं, म्हणजे पुढचं टोक रिमला आधी टेकलं पाहिजे, मागचं एक मिलीमीटर उशिरा. त्यासाठी शूच्या मागच्या टोकाखाली लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची घडी ठेवा, लिव्हर दाबून धरा, शूचा नट आवळा, कागद काढून घ्या.

लहान मुलांच्या सायकलला आणखी एक गोष्ट बघाच. लिव्हर मुठीपासून इतकं लांब असतं की त्यांची बोटं धड पोचत नाहीत. मूल 'ब्रेक कडक आहे' म्हणतं आणि आपण केबल ढिली करतो. बऱ्याच लिव्हरना आतल्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर मुठीजवळ येतं. त्यानंतर केबलचा ताण परत बघावा लागतो.

डिस्क ब्रेक, केबलवर चालणारा: त्यात बहुधा एकच शू हलतो, दुसरा स्थिर असतो. म्हणून केबल आवळून आवळून उपयोग होत नाही. आतल्या बाजूचा स्थिर शू आधी त्याच्या स्क्रूने चकतीच्या अगदी जवळ आणा, घासणार नाही इतका, मग केबल. केबल गंजायचं दुखणं इथेही तेच आणि इलाजही तोच. चेनला तेल घालताना मागच्या चकतीवर फडकं टाका. शूने तेल प्यायलं तर तो सहसा परत नीट होत नाही, बदलावाच लागतो. ओहोटीला आश्वेच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूवरून सायकल चालवली असेल तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण पाइपचा जोरदार फवारा केबलच्या तोंडावर आणि चाकाच्या आसावर धरू नका.

आणि सळईचे ब्रेक. आमच्या वाड्यावर पहाटे पों-पों करत येणाऱ्या पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलला तेच आहेत, मागे पावांची भली मोठी टोपली आणि तरी उतारावर त्याचा हात कधी डळमळत नाही. तिथे गंजायला आऊटरच नाही. सळया, सांधे आणि खालून रिमच्या आतल्या बाजूला दाबणारे शू. सैल झाला तर सळईवरचा क्लॅम्प ढिला करून सळई वर ओढायची आणि आवळायचं, सांध्यांना तेलाचा थेंब. एक मात्र लक्षात ठेवा: अशा सायकलींची रिम पोलादी, चकचकीत मुलाम्याची असते आणि ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही. पावसात उतार लागण्याच्या बऱ्याच आधीपासून लिव्हर हलकं दाबून रिम पुसत जायचं. मला हे एका पदेरानेच सांगितलं.

काहीही जुळवून झालं की सायकलवर बसण्याआधी ती हाताने ढकलत न्या आणि एकेक लिव्हर वेगळं दाबा. पुढचं दाबल्यावर मागचं चाक उचललं गेलं पाहिजे, मागचं दाबल्यावर मागचं चाक फरफटलं पाहिजे. लिव्हर आणि मूठ यांत दोन बोटांची जागा उरलीच पाहिजे. मग अंगणात, मग सपाट रस्त्यावर. उतार सगळ्यात शेवटी.

चवथीला पुन्हा मोरजीला गेलो. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधून झाली होती, भाची सायकल घेऊन फुलं आणायला निघाली होती. मी ब्रेकपाशी वाकलो. बोल्टाजवळचा लाल ठिपका जागेवर, आऊटरवरचा जागेवर, ॲडजस्टरवरचा थोडा सरकलेला.

"अर्धा फेरा दिला, मामा," ती म्हणाली. "बाकीचे ठिपके बघूनच दिला. शू झिजले होते."